तिन्ही वेळा लाल

खालच्या गल्लीच्या मंडळाची तलवार रविवारी दुपारी तिन्ही रंगांत पेटत होती आणि संध्याकाळी नुसतीच लाल पेटायला लागली, तेव्हा जोतीराम साळोखेच्या डोळ्यांपुढे सगळ्यात आधी मेव्हण्याचा चेहरा आला.

मेव्हणा म्हणजे संग्राम. जोतीरामाच्या बायकोचा, वर्षाराणीचा, धाकटा भाऊ. लग्नकार्यात लायटिंगची कामं करायचा. माणूस हसतमुख, पण राहायला वरच्या गल्लीत. एरवी दोन्ही गल्ल्यांत देवघेव, सोयरीक सगळं चालायचं, पण गणपतीच्या दिवसांत वरच्या गल्लीतला सख्खा भाऊसुद्धा खालच्या गल्लीला परका असे. दोन्ही मंडळांचे सजीव देखावे मंगळवारी संध्याकाळी सात वाजता उघडायचे होते आणि यंदा खालच्या गल्लीनं हुकमाचं पान काढलं होतं. देवी दैत्याला मारते आणि तिच्या हातातली तलवार रंग बदलते. मुठीवरचं बटण एकदा दाबलं की लाल, म्हणजे देवी कोपली. दुसऱ्यांदा दाबलं की लालात निळा मिसळून जांभळी, म्हणजे दैत्य पडला. तिसऱ्यांदा दाबलं की हिरवाही मिसळून पांढरीशुभ्र, म्हणजे देवी शांत झाली.

ही तलवार जोतीरामानं स्वतः केली होती. नोकरीला तो पाणीपट्टीच्या ऑफिसात होता आणि लोकांच्या मीटरवर संशय घेण्यात त्याची वीस वर्षं गेली होती; पण जीव सगळा वायरींत. पात्याला दुधी प्लॅस्टिकची नळी, आत चार पायांच्या रंगीत एलईडींची माळ, लाकडी मुठीत बॅटरी. रविवारी दुपारी त्यानं घरी माडीवरच्या खोलीत, टेबलावर एकेक वायर बॅटरीला लावून पाहिली होती. लाल लागला, निळा लागला, हिरवा लागला. मग तो स्टेजचं माप घ्यायला तासभर बाहेर गेला, परत येऊन सगळं मुठीत बसवलं आणि मंडळाच्या मांडवात सगळ्यांसमोर बटण दाबलं.

लाल. पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही लाल. स्पीकरवरून मात्र निवेदन चालूच होतं, "आणि जगन्मातेचा कोप शांत झाला..."

"कुठला शांत झालाय?" मंडळाचे अध्यक्ष बाळासो म्हणाले. "जोतीबा, देवी अजून तापलीया की! काय भानगड हाय?"

"दुपारी तिन्ही लागत हुतं, बाळासो. शपथ."

बाळासोंनी आवाज खाली आणला. "दुपारनं घरात कोण आलतं?"

जोतीराम घरी आला आणि चपला काढायच्या आधीच त्यानं बायकोला विचारलं. वर्षाराणीनं सहज सांगितलं, "कोण न्हाय. संग्राम आलता तेवढा. माडीवरच्या खोलीत पंख्याखाली बसला घटकाभर."

"माझ्या खोलीत? एकटा?"

"मग काय बँड लावून बसवू त्याला? माझा भाऊ हाय त्यो."

"वरच्या गल्लीचा हाय त्यो!"

"लग्नात तुमचा कान पिळला तवा न्हाय आठवली वरची गल्ली?" असं म्हणून ती आत गेली आणि भांडी जरा जास्तच जोरात वाजू लागली.

सोमवारी जोतीरामानं रजा टाकली. तलवार खोलली, सगळे जोड उखडले, नवे केले. पुन्हा एकेक वायर बॅटरीला लावून पाहिली. लाल, निळा, हिरवा, तिन्ही झकास. बंद केली, बटण दाबलं. लाल, लाल, लाल.

संग्राम तर सकाळपासून फिरकला नव्हता. खोलीत आलं होतं एकच माणूस, आणि ते चहा घेऊन आलं होतं.

"मी खाली पाणी प्यायला आलतो तवा तू वर किती येळ हुतीस?" त्यानं वर्षाराणीला विचारलं.

तिनं पदराला हात पुसले आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. "कप ठेवायला लागतो तेवढा. का?"

"न्हाय... म्हंजे माहेर वरच्या गल्लीत हाय तुझं. कुणी काय सांगितलं असंल..."

त्यानंतर जोतीरामाला चहा मिळाला नाही. संध्याकाळी जेवणही ताटात वाढून झाकून ठेवलेलं मिळालं. समोर कोणी बसलं नाही.

मंगळवारी सकाळी बाळासो आले, ते खुर्ची घेऊन खोलीतच बसले. जोतीरामानं पुन्हा तलवार खोलली. बाळासो त्याच्या बोटांकडे टक लावून होते. एकेक वायर, तिन्ही रंग. बंद केली. लाल.

जोतीरामानं हळूच बाळासोंकडे पाहिलं. मघाशी तो सोल्डरची तार शोधायला वाकला होता, तेव्हा तलवार बाळासोंच्या पुढ्यात होती. आणि बाळासोंची मोठी मुलगी दिलेली कुठं? वरच्या गल्लीत.

त्याच वेळी बाळासो म्हणाले, "जोतीबा, राग मानू नगंस. पर आता खोलीत तू नि मी दोघंच हुतो. माझा हात काय तलवारीला लागलेला न्हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे मेव्हणा कुणाचा हाय, त्यो इचार मी करालोय."

त्यानंतर खोलीतून कोणी एकटं बाहेर जाईना. जोतीराम हात धुवायला गेला तर बाळासो मागोमाग, बाळासो तंबाखू थुंकायला गॅलरीत गेले तर जोतीराम तलवार काखेत मारून त्यांच्या शेजारी.

दुपारी तीनच्या सुमाराला गॅलरीत असे दोघं उभे असताना बाळासोंनी जोतीरामाला कोपर मारलं. मागच्या बोळातून संग्राम येत होता. भिंतीला धरून, इकडंतिकडं बघत. हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं.

"घावला!" बाळासो कुजबुजले. "चल खाली, दाराआड थांबू. आत येऊ दे."

संग्रामनं मागचं दार ढकललं आणि दबक्या आवाजात हाक मारली, "आक्का..."

त्यासरशी दोघांनी त्याला दोन्हीकडून धरलं. चादर सुटली आणि आतून जमिनीवर पडली ती तलवार. दुधी प्लॅस्टिकचं पातं, लाकडी मूठ, मुठीवर बटण.

"चोर!" बाळासो ओरडले. "आमची तलवार!"

"तुमची तुमच्या काखंत हाय की!" संग्राम ओरडला.

ते खरंच होतं. बाळासोंनी खाली पडलेली तलवार उचलली आणि बटण दाबलं. लाल. पुन्हा दाबलं. लाल. पुन्हा. लाल.

मग संग्रामला कंठ फुटला. "दाजी, असं करायचं व्हय? घरच्या माणसाला फसवायचं?"

"मी? मी काय केलं?"

"रविवारी तुमच्या टेबलाचा मोबाइलवर फोटू मारला मी. चुकलं माझं, कबूल हाय. त्यात बघून तंतोतंत तसंच जोडलं. आन् लालच लागालंय! म्हणून गुपचूप ताडून बघाय आलतो. तुमाला म्हाईत हुतं मी येणार. मुद्दाम खोटं जोडून मांडून ठेवलतं तुमी!"

जोतीरामानं मनातल्या मनात हिशोब मांडला. मेव्हण्यानं चोरी केली होती, पण तलवारीला हात लावला नव्हता. बायकोनंही नाही. बाळासोंनीही नाही. चोरून केलेल्या तलवारीत जर तोच बिघाड असेल, तर बिघाड करणारा माणूस एकच उरत होता.

आवाज ऐकून वर्षाराणी बाहेर आली होती. तिनं जोतीरामाच्या काखेतली तलवार घेतली, मूठ उघडली आणि आत बोट घातलं.

"हे बारकं पट्ट्यापट्ट्याचं काय हाय?"

"रेझिस्टर. जास्त वीज जाऊ नये म्हणून."

"तिघांत मिळून एकच?"

"मूठ अरुंद हाय. तीन बसंनात. म्हटलं, एकातनं तिघं घेतील वाटून."

"वाटून?" वर्षाराणी हसली. तीन दिवसांत पहिल्यांदाच. "आमच्यात आई तिघा भावंडांत एकच ताट द्यायची. ह्यो संग्राम सगळं खायाचा, आमी दोघी बघत बसायचो. एकेकट्याला ताट दिलं की मातर सगळी जेवायची. तुमचा लाल रंग संग्रामच हाय."

जोतीरामाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लाल रंगाला कमी दाबाची वीज पुरते. तो आधी पेटतो आणि निळ्या-हिरव्याला पेटण्याइतका दाब उरतच नाही. एकेक लावून पाहिला की सगळे लागतात, एकत्र लावले की एकच जेवतो. ऐंशीदा वाचलेलं होतं त्यानं हे.

"पर तीन बसवायचं कुठं?" तो पुटपुटला.

"मुठीत न्हाय बसत तर मूठ नि पात्यामधल्या आडव्या पट्टीत बसवा. ती पोकळच हाय की."

जोतीराम सोल्डरची कांडी तापवायला धावला, तशी वर्षाराणी दारात आडवी झाली. "थांबा. दुरुस्त हुतील तर दोन्ही. न्हायतर एक बी न्हाय."

"वैनी, काय बोलताय!" बाळासो कळवळले. "वरच्या गल्लीची तलवार आमी दुरुस्त करायची?"

"माझ्यावर संशय घेतला ह्यांनी. तुमी ह्यांच्यावर घेतला. माझा भाऊ चोरून फोटू काढून गेला. तुमी तिघंबी सारखंच. घड्याळ बघा, चार वाजलं."

बाळासोंनी घड्याळ पाहिलं, देव्हाऱ्याकडे पाहिलं आणि शेवटी संग्रामकडे न पाहता म्हणाले, "घे रे, धर तुझी मूठ सरळ."

सहाला दहा कमी असताना दोन्ही तलवारी माडीवर शेजारी शेजारी पांढऱ्याशुभ्र पेटल्या. संग्राम आपली चादरीत गुंडाळून बोळातनं सटकला. चौघांनी गणपतीची शपथ घेतली की हे बाहेर कुणाला कळता कामा नये.

संध्याकाळी खालच्या गल्लीत देवी शांत झाली तेव्हा बायकांनी हात जोडले आणि शिट्ट्या थांबेनात. पंधरा मिनिटांनी कुणीतरी पळत बातमी आणली. वरच्या गल्लीत राजकन्येच्या हातातली तलवार अगदी अशीच लालची जांभळी आणि जांभळीची पांढरी होत होती. आणि वरची गल्ली खालच्या गल्लीला चोर म्हणत होती.

मांडवात एकच गलका उडाला. "फितूर हाय आपल्यात!" सगळ्यांचं एकमत झालं. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर बैठक बसली आणि फितूर शोधायला चौकशी समिती नेमायचं ठरलं. तलवार जीव ओतून कुणी केली? जोतीरामानं. सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं? जोतीरामाचं. मीटरमधली लबाडी पकडायचा अनुभव कुणाला? जोतीरामाला. समितीचा प्रमुख तोच झाला.

जोतीरामानं घसा खाकरून वही उघडली. मंगळवारी दुपारी तीन ते सहा कोण कुठं होतं, हे त्यानं एकेकाला विचारलं. सगळ्यांनी बिनचूक सांगितलं. फक्त बाळासो म्हणाले, "मी... तुझ्या घरी, तुझ्यावर लक्ष ठेवायला."

"आन् मी तुमच्यावर," जोतीराम म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग प्रकरण फार खोल आहे, घाई करून चालणार नाही, तरी चौकशी पुढच्या गणपतीपर्यंत चालू ठेवावी, असा ठराव बाळासोंनी मांडला. जोतीरामानं त्याला अनुमोदन दिलं आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.