बकुळी-अबोलीचं स्थळ

आयुष्यात मी दोनदा रीतसर कांदेपोहे खायला गेलो. पहिल्यांदा मंजिरीला बघायला आणि दुसऱ्यांदा गिनीपिगला. पहिल्या वेळी मला कोणी फारसं काही विचारलं नव्हतं. दुसऱ्या वेळी मात्र पोह्याची बशी हातात येण्याआधीच प्रश्न आला, "घरात रागीट कोण?"

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग तिघांनी माझ्याकडे.

विचारणाऱ्या होत्या शकूताई केळशीकर. आमच्या नारायण पेठेतल्या इमारतीत त्या पहिल्या मजल्यावर राहतात आणि आम्ही तिसऱ्या. वय सत्तरीच्या पुढे, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, नाकावर लांबचा चष्मा आणि कपाळावर जवळचा. समोरचा माणूस आवडेनासा झाला की त्या बोलता बोलता लांबचा चष्मा काढून पदराला पुसत बसतात. चष्मा परत नाकावर चढला नाही, तर आपण निघावं.

एके काळी त्यांच्या पुढच्या खोलीत वधू-वर सूचक केंद्र होतं. शकूताई स्थळं सुचवायच्या आणि केळशीकरकाका चहा करायचे. पेठेतली किती लग्नं त्यांनी जमवली याचा हिशेब त्यांनीही ठेवलेला नाही. पण आमच्या गल्लीत कुठल्याही घरातून भांड्यांचा जोरात आवाज आला की लोक अजूनही आधी पहिल्या मजल्याकडे बघतात. मग मुलं मोबाइलवर अंगठा फिरवून परस्पर लग्नं ठरवायला लागली. काका गेले. ज्यांची लग्नं जमवली ती मंडळी बारशाला बोलवायची, ती पुढे मुंजीला विसरली. शकूताईंना स्वतःला मूलबाळ नाही. केंद्र बंद पडलं.

बंद पडलं, असं आम्हाला वाटलं. त्यांनी जमवून दिलेल्या एका जोडप्याची परदेशात बदली झाली आणि ते घरातला ससा शकूताईंकडे सोडून गेले. ताईंनी महिनाभर चौकशी करून त्याला सहकारनगरात एक उत्तम घर बघून दिलं. तेव्हापासून हा नवा व्यवसाय सुरू झाला. व्यवसाय म्हणजे पैसे घेत नाहीत, पण ऐट तीच. वाढदिवसाला हौसेनं आणलेले आणि पुढच्या महिन्यात नकोसे झालेले ससे, हॅमस्टर, गिनीपिग त्यांच्याकडे येतात. "यांचं एकदा मोडलेलं आहे," त्या सांगतात, "दुसरं तरी नीट बघून द्यायला नको?" दारावरची जुनी पाटी उतरवून त्यांनी नवी लावली आहे: 'फोटो पाहून पसंती कळवू नये. मुलांना घेऊन यावे.'

आलेल्यांपैकी निम्मे लोक नकार घेऊन परत जातात. एका गृहस्थांना पांढराशुभ्र ससाच हवा होता, कारण दिवाणखान्यातला सोफा पांढरा होता. ताई म्हणाल्या, "लक्ष्मी रोडला जा. उश्या छान मिळतात." आयटीतली एक मुलगी फोनवर म्हणाली, "आंटी, ॲक्चुअली आम्हाला एकदम लो मेंटेनन्स काहीतरी हवंय." ताई म्हणाल्या, "मनीप्लांट घ्या. बाटलीत लावा. मातीचंसुद्धा बघायला नको." आणि फोन ठेवून दिला.

त्यांची आणखी एक खोड सांगायला हवी. त्यांची वेताची खुर्ची दाराशी असते आणि दार दिवसभर उघडं. जिन्यात पाऊल वाजलं की ताईंची मान बाहेर येते. "कोण? तिसरा मजला का?" माणसांना त्या नावानं हाक मारत नाहीत, मजल्यानं मारतात. एकदा मान बाहेर आली की हवापाणी, पाण्याचा टँकर, चौथ्या मजल्याची सून असं सगळं झाल्याशिवाय सुटका नाही. त्यामुळे अख्खी इमारत पहिल्या मजल्यावरून चवड्यांवर जाते. चौथ्या मजल्याचे जोशी तर पायातले बूट हातात घेतात. तरी ताईंना कळतंच. "जोशी, मोजे फाटलेत," असा आवाज येतो.

तर आमच्या घरी मुलांना प्राणी हवा होता. जुई दहा वर्षांची आणि सोहम सहा. कुत्र्यापासून सुरू झालेली मागणी मंजिरीनं घासाघीस करून "मांडीवर मावेल एवढं आणि केसाळ" इथपर्यंत खाली आणली. मी म्हटलं, दुकानातून आणू. जुई म्हणाली, "बाबा, खाली शकूआजी असताना?" आणि पुढच्या रविवारी आम्ही आंघोळी करून, इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या मजल्यावर पोहे खायला गेलो. मुलाकडचे आम्ही.

"अपेक्षा काय?" ताईंनी विचारलं.

"हॅमस्टर!" सोहम म्हणाला.

"मुलगा चांगला आहे, पण रात्रपाळीचा. दिवसभर झोपणार आणि तुम्ही झोपलात की चाकावर पळणार. दुपारी उठवलंस तर चावेल. त्यात त्याची चूक नाही." मग माझ्याकडे वळून, "अहो तिसरा मजला, रविवारी पहाटे कोणी उठवलं तर तुम्ही काय करता?"

"चावत नाहीत," मंजिरी म्हणाली, "पण बरंचसं तसंच."

"मग ससा?" जुईनं विचारलं.

"देखणा, पण मानी. उचललेलं त्याला खपत नाही. धडपडला तर स्वतःचीच कंबर मोडून घेईल. आणि तुझा भाऊ सहा वर्षांचा आहे, तो उचलल्याशिवाय राहील का? शिवाय घरातल्या वायरी कुरतडतो. नको. सोहम मोठा होऊ दे, मग बघू." ताईंनी बशीतला खोबऱ्याचा कीस सारखा केला. "तुमच्यासाठी गिनीपिग. मध्यमवर्गीय प्राणी. दिवसा जागतो, वेळेवर जेवतो, सहसा चावत नाही आणि काय हवं-नको ते तोंडानं सांगतो. पेठेत असा नवरा शोधून सापडणार नाही. फक्त एक अट. एकटा देत नाही. जोडीनंच. एकटं ठेवलं की झुरतात."

मग त्या आत गेल्या आणि टॉवेल घातलेल्या टोपलीतून दोन बहिणींना घेऊन आल्या. तपकिरी ती बकुळी. पांढरी, डोळ्यावर काळा ठिपका असलेली ती अबोली. अबोलीनं आम्हाला पाहताच अशी काही शीळ घातली की सोहमच्या बशीतले पोहे साडीवर सांडले, ताईंच्या.

"हिचं नाव आधीच्या घरी ठेवलेलं आहे," ताई साडी झटकत म्हणाल्या. "त्यांनी हिला कधी ऐकलंच नसणार. बाल्कनीत पिंजरा आणि घरी कोणी नाही."

मुलांची मुलाखत झाली. राग आला की काय करतोस? "दार आपटतो," सोहम म्हणाला. "खरं बोलला," ताई म्हणाल्या आणि त्याला आणखी पोहे मिळाले. जुईनं मांडी घालून टॉवेल पसरला आणि हात न लावता गप्प बसून राहिली. थोड्या वेळानं बकुळी आपण होऊन तिच्या मांडीवर चढली. ताईंनी लांबचा चष्मा पुसून लगेच परत नाकावर चढवला. माझ्या मते तिथेच लग्न जमलं होतं.

पण मुलीकडच्यांनी घर बघायचं असतं. दोन दिवसांनी ताई कठड्याला धरून तिसऱ्या मजल्यावर आल्या. घर त्यांनी उभ्यानं बघितलं नाही. "माझे गुडघे वाकत नाहीत. तुम्ही वाका," त्या मला म्हणाल्या. "गिनीपिग आहात असं समजा आणि खोलीभर फिरा." मी हातापायांवर फिरलो. दिवाणाखाली मला मोबाइलच्या चार्जरची वायर, अर्धी बाकरवडी आणि मागच्या दिवाळीपासून हरवलेला रिमोट सापडला. मुलं हसून लोळत होती. ताई मात्र गंभीर होत्या. "वायर वर घ्या. बाकरवडी टाका. तिकडे ऊन येतं का? पंखा थेट अंगावर येतो का?" सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी जमिनीवरूनच दिली.

जाताना दाराशी त्या थांबल्या. "दिवसभर घरी कोण असतं?"

आता इथे खोटं बोलून उपयोग नव्हता. त्यांना जिन्यातली सगळी पावलं पाठ आहेत. मी सकाळी खराडीला कामाला जातो, मंजिरी कॉलेजच्या ऑफिसात, मुलं शाळेतून परस्पर पाळणाघरात. संध्याकाळी साडेसहापर्यंत कुलूप.

"कळवते," ताई म्हणाल्या.

त्यांच्या 'कळवते'चे दोन प्रकार आहेत. शेवटचा सूर वर गेला तर होकार, खाली गेला तर नकार. हे खाली गेलं होतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठ पडल्यावर त्यांनी रीतसर सांगितलं, "योग नाही हो. घर चांगलं, मुलं गुणी, पण योग नाही." तरुणपणी मला नकार मिळालेले आहेत. पण त्यातला एकही गिनीपिगचा नव्हता. सोहमनं दार आपटलं.  जुईनं मात्र आपल्या खोलीतला उन्हाचा कोपरा, जो तिनं पुस्तकं हलवून रिकामा केला होता, तसाच रिकामा ठेवला. ते मला फार लागलं.

त्या शनिवारी दुपारी मी घरी होतो. जुई एकटीच खाली गेली. बराच वेळ झाला म्हणून तिला बोलवायला मी उतरलो, तर पहिल्या मजल्यावरून बोलणं ऐकू आलं आणि मी वरच्या पायरीवरच थांबलो.

"अगं, तुम्ही लाड कराल, मला माहीत आहे," ताई सांगत होत्या. "पण संध्याकाळी. आख्ख्या दिवसाचं काय? जिन्यात पाऊल वाजलं की ती मान वर करतात. कोणी आलं असेल म्हणून. मग पाऊल तसंच वर निघून जातं. परत मान खाली. परत पाऊल, परत मान वर. असं दिवसभर. कुलूप उघडल्याचा आवाज येईपर्यंत किती वेळा ती फसत असतील, विचार कर. मला नाही ते बघवत."

 जुईनं विचारलं, "आजी, पण तुमच्या घराला कुलूप नसतंच ना? तुम्ही सगळी पावलं ऐकता. मग तुमच्याकडे कोण येतं?"

 मी पायरीवरून जरा वाकून पाहिलं. वेताची खुर्ची, उघडं दार, आणि ताई चष्मा पुसत होत्या. दोन्ही चष्मे मांडीवर होते. जुईसमोर बसून त्यांना काहीच दिसत नसणार. जिन्यातून उचलून धरलेले जोश्यांचे बूट मला आठवले.

"असं करू या का?" जुई म्हणाली. "दिवसा त्या तुमच्याकडे राहतील आणि रात्री आमच्याकडे. शाळेत जाताना आम्ही सोडू. आणि शाळेतून आम्ही पण इथेच येऊ."

"रोज माहेरी?" ताईंचा आवाज जरा घोगरा होता, पण ठसका जुनाच. "लग्न झालेल्या मुली रोज माहेरी यायला लागल्या तर लोक काय म्हणतील?"

"लोक चवड्यांवर जातात, आजी. त्यांना कळणारच नाही."

यावर शकूताई इतक्या मोठ्यानं हसल्या की आतून अबोलीनं शीळ घातली. "बरं. कळवते," त्या म्हणाल्या. शेवट चांगलाच वर गेला होता.

आता रोज सकाळी आमच्या जिन्यातून पाठवणी निघते. पुढे टोपली घेऊन जुई, मागे कोथिंबिरीची जुडी घेऊन सोहम. पाळणाघर सुटलं. मुलं दुपारी पहिल्या मजल्यावरच असतात, आणि सोहमनं दार आपटणं सोडलं आहे, कारण त्या घराचं दार लागतच नाही. यंदा ताईंनी दोघींचा दिवाळसण केला. ओवाळून दोघींना काकडीचे काप दिले. जावयाचा मान कोणाला, असा प्रश्न आला तेव्हा उटणं मला लावण्यात आलं. जोश्यांना फराळाला बोलावलं होतं. ते बूट घालून आले. मोजे नवे होते.

मी खराडीहून दमून येतो. पहिल्या मजल्याच्या आधीच्या चार-पाच पायऱ्या हल्ली मी मुद्दाम पाय वाजवत चढतो. आतून शीळ येते, आधी अबोलीची, मग बकुळीची. त्यांच्यामागून मान बाहेर येते.

"कोण? तिसरा मजला का?"

"पहिलाच," मी म्हणतो आणि बूट काढतो.