गप्प सातभाई

"ती पिशवी चुरचुरवू नकोस. आपण बिस्किटं आणलीयत हे सगळ्या रानाला कळलं," घड्याळजी बायकोच्या कानाला तोंड लावून पुटपुटले.

ऑपरेटरबाईंनी हातातल्या पिशवीकडे पाहिलं. पिशवी तर बिचारी गप्प होती. पण भांडायची ही जागा नव्हती. जुन्या हिरव्या पडद्यांचा तंबू, त्यात दोन स्टुलं आणि कॅमेरा. याला घड्याळजी 'लपण' म्हणत. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून त्यांना दोन नाद लागले होते. एक पक्ष्यांचे फोटो काढायचा, दुसरा प्रत्येक गोष्ट बायकोच्या कानाशी येऊन बोलायचा. पहिल्याचा बाईंना वैताग होता. दुसरा, खरं सांगायचं तर, या वयात बरा वाटत होता.

आज मात्र बाई कामगिरीवर होत्या. सकाळी लेकीनं दोघांना रानाच्या कडेला सोडलं आणि बाईंच्या अगदी समोर उभं राहून, एकेक शब्द सुटा करत बजावलं, "दोघंच बसा निवांत. आणि आई, आज बोलून टाक हं."

काय बोलायचं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दिवाणखान्याच्या भिंतीवर घड्याळजींनी काढलेले फोटो टांगले होते. एकात धुकं, दुसऱ्यात जास्त धुकं. पाहुणे मान हलवून म्हणत, "वा! काय वातावरण पकडलंय!" ज्या माणसानं जन्मभर डोळ्याला भिंग लावून मोहरीएवढे स्क्रू बसवले, त्याला सांगायचं कुणी? पण सोमवारपासून नातीला गाडीतून शाळेत सोडायचं त्यांनी कबूल केलं होतं. नात मागच्या सीटवर बसणार होती, आणि पुढे हे धुकं.

"आले!" घड्याळजींनी कॅमेरा वळवला. "सातभाई! बघ, फांदीवर कशी भावकी खेटून बसलीय."

बाईंनी पाहिलं. फांदीला एक फाटकं पोतं अडकलं होतं.

"मान वर... हां, शाबास," घड्याळजी पोत्याला म्हणाले आणि धडाधड फोटो काढू लागले.

बाईंच्या मनात आलं, सांगावं का आत्ताच? तेवढ्यात मागच्या झुडपातून एक पक्षी टुणकन उडी मारून बाहेर आला. मग दुसरा. मग एकामागून एक. मातकट, पिसं विस्कटलेली, डोळे फिकट. सातभाई ते हेच. रानातली सगळ्यात कटकटी मंडळी, कलकलाटाशिवाय एक किडा खाणार नाहीत, असं घड्याळजीच नेहमी सांगत.

हे मात्र गप्प होते. तंबूभोवती कडं करून बसले आणि बघत राहिले. एकजण बाईंच्या समोरच्या पडद्याच्या फटीपाशी आला, हातभर अंतरावर, आणि डोळ्यांत डोळे घालून त्यानं चोच उघडली. गळा थरथरला. आवाज नाही. मग सगळ्यांच्याच चोची उघडमीट करू लागल्या, सगळ्यांचे गळे थरथरू लागले. जाड काचेपलीकडून कुणी जीव तोडून काही सांगावं, तसं. बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला.

"अहो, हे असं काय करतायत?"

"किती जवळ आलेत ना!" पोत्यावरची नजर न हलवता घड्याळजी तिच्या कानाशी म्हणाले. "मागेसुद्धा आहेत."

बाईंनी वळून पाहिलं. खरंच होते. समोरचं न दिसणाऱ्या माणसाला पाठीमागचं कसं कळलं? घरीही हल्ली असंच व्हायचं. नवरा बसल्या जागेवरून उठायचा, जाऊन दार उघडायचा, आणि दारात खरोखरच कुणीतरी उभं असायचं. बाईंनी हे कुणाकडे बोलून दाखवलं नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ज्या बाईनं तारेवरच्या नुसत्या श्वासावरून माणसं ओळखली, तिला आपला नवरा ओळखू येईना, हे सांगणार तरी कुणाला?

एकाएकी सगळे पक्षी फुगले. पंख अर्धवट पसरून, माना ताणून ते तंबूच्या बुडाशी बघू लागले.

घड्याळजींचा चेहरा उतरला. "सूर बदलला."

"कुणाचा?"

त्यांनी बायकोकडे विचित्र नजरेनं पाहिलं. मग तिच्या कानाशी आले. "हलू नकोस. आपल्यात कुणीतरी आहे. इथं, आत. तुझ्या पायाशी."

बाईंनी जपून खाली पाहिलं. पायाशी काहीही नव्हतं.

"चल, निघू या," म्हणत घड्याळजींनी घाईघाईनं बॅगेच्या काळ्या पट्ट्याकडे हात नेला. पट्ट्यानं जीभ बाहेर काढली.

"तो पट्टा नाही!"

दोघं एकदम उठली, आणि त्यांच्याबरोबर तंबूही उठला. चार पायांचा एक हिरवा तंबू स्टुलं उधळत, किंचाळत रानातून धावला, फांदीला धडकला आणि कोसळला. साप बहुधा दुसऱ्या दिशेनं पळाला असावा. त्यानंही असलं काही पाहिलं नसणार.

पडद्यांतून आधी बाई बाहेर आल्या, मग घड्याळजी. त्यांच्या डोक्यावर पोतं होतं. ते त्यांनी हातात घेऊन चाचपलं.

"हे काय?"

"तुमची भावकी."

बाईंनी त्यांच्या मानेवरचा पाचोळा झटकला आणि एका दमात म्हणाल्या, "अहो, तुम्हाला आता दिसत नाही."

घड्याळजींनी पोत्याची नीट चौकोनी घडी घातली. मग एक उसासा टाकला. "सोमवारी नाही जात मी गाडी घेऊन."

बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच भरूनही आला.

"लेकीनं पाठवलं ना तुला, हे सांगायला?"

"हो."

"मलाही तिनंच पाठवलंय."

"तुम्हाला? काय सांगायला?"

घड्याळजी उठले. या वेळी ते तिच्या कानाशी गेले नाहीत. समोर येऊन बसले, तिचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांच्या मागे रिकाम्या फांदीवर आता खरे सातभाई खेटून बसले होते. चोची उघडत होत्या, मिटत होत्या, गळे थरथरत होते.

"अगं, मघापासून यांनी ओरडून ओरडून रान डोक्यावर घेतलंय," ते म्हणाले. "तुला ऐकू येत नाही."