गृहीत धरा, टाकी भरलेली आहे

"दिलेल्यात एच आहे आणि जी आहे. दोन्ही ज्यात बसतात अशी तीन सूत्रं आहेत. यातलं कुठलं लावू, काका?"

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. छत्तीस वर्षं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवताना राग आला की ते हेच करत. चष्म्याच्या काचा नंबरामुळे नाही, पुसून पुसून बदलाव्या लागतात, असं काकू म्हणायच्या.

"सूत्र राहू दे बाजूला. गणित कशाचं आहे?"

पुतणीने पुन्हा वाचलं. "टाकीचं."

"मग टाकीत काय असतं?"

"एच," पुतणी म्हणाली.

काकांनी पुन्हा चष्मा काढला.

पोरगी मठ्ठ नव्हती. सायकलची उतरलेली चेन ती बोलता बोलता बसवायची. बिघडलेला मिक्सर खोलून परत जोडायची, आणि स्क्रूही उरायचे नाहीत. पण तीच गोष्ट कागदावर आली की तिला फक्त अक्षरं दिसत. दिलेली अक्षरं ज्या सूत्रात मावतील ते सूत्र, ही तिची पद्धत. या पद्धतीने ती या विषयात दोनदा आपटली होती. सोमवारी तिसरी आणि शेवटची संधी होती. नापास झाली तर अख्खं वर्ष पाण्यात. काकांच्या धाकट्या भावाने तिला आठवडाभरासाठी इथे आणून सोडलं होतं आणि जाताना एवढंच म्हटलं होतं, "दादा, आता तूच बघ."

आज शनिवार उजाडला होता, आणि टाकीत अजून एचच होता.

"जगाची पोरं पार केलीत, आणि घरची मधेच बुडतेय," स्वयंपाकघरातून काकूंनी काडी टाकली.

काका ताडकन उठले. "चल गं गच्चीवर. वह्या घे, घड्याळ घे आणि झाडू घे."

"झाडू कशाला?"

"मोजायला."

चव्वेचाळीस पायऱ्या चढून दोघं वर गेली. इमारतीची पाण्याची टाकी तिथे चौथऱ्यावर उभी होती. मीटर लांब, मीटर रुंद, मीटर उंच. जणू पुस्तकातूनच उचलून आणलेली. तळाशी निचऱ्याची तोटी होती, टाकी धुताना उघडायची. काकांनी झाडूच्या दांड्यावर पेनाने सेंटिमीटरच्या खुणा केल्या आणि दांडा झाकणातून आत सोडला. पाणी काठोकाठ होतं.

"ही तोटी उघडली, तर टाकी किती वेळात रिकामी होईल? आधी आकृती, मग गृहीतकं, मग सूत्र. हा क्रम मोडायचा नाही. जेवायला बसतानासुद्धा."

पुतणीने आकृती काढली. काकांनी गृहीतकं सांगितली आणि तिने लिहून घेतली. टाकी पूर्ण भरलेली आहे. वरून नवीन पाणी येत नाही. इमारतीत कोणीही पाणी वापरत नाही. गच्चीवर पडलेलं पाणी वाहून जातं. शेवटी काकांच्या शिस्तीप्रमाणे पट्टीने खाली दोन रेघा मारल्या.

"पण काका, खाली कोणाला सांगायला नको का? पाणी वापरू नका म्हणून?"

"लिहिलंय ना आपण," काका म्हणाले. आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. छत्तीस वर्षं त्यांनी 'घर्षण नाही' असं फळ्यावर लिहिलं होतं, आणि त्या क्षणापासून घर्षणाने निमूटपणे वर्ग सोडला होता.

पुतणीचं पहिलं उत्तर आलं दोन दिवस. दुसरं आलं चार सेकंद. चुकलेला कागद चुरगाळून फेकायची तिची सवय होती. सातव्या कागदावर उत्तर आलं पंचवीस मिनिटं तेहेतीस सेकंद. मागे गच्चीभर कागदाचे बोळे घरंगळत होते.

"बरोबर!" काका म्हणाले. "उघड तोटी."

धार सुटली ती थेट चौथऱ्यापासून दीड हातावर जाऊन पडली. पुतणी उकिडवी बसून बघू लागली. पाच-सात मिनिटं गेली, आणि ती एकदम ओरडली, "काका, धार मागे मागे येतेय!"

"का येतेय?"

"कारण वरचं पाणी उतरतंय. म्हणजे जोर कमी पडतोय. म्हणजे..." ती थांबली. तिने झाडूकडे बघितलं, धारेकडे बघितलं. "काका! ही पाण्याची उंची, हाच एच आहे!"

"हाच तो," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते इतकं थोडं होतं, की गणितात धरायचं कारण नव्हतं.

पंचवीस मिनिटं तेहेतीस सेकंदांनी दोघांनी झाकणातून डोकं घातलं. टाकी रिकामी असायला हवी होती. दांड्यावर बत्तीस सेंटिमीटर पाणी होतं.

काकांनी घड्याळ कानाला लावून बघितलं. दांडा उलटा तर धरला नाही ना, तेही बघितलं. "गुरुत्वाकर्षण तर सकाळपर्यंत ठीक होतं," ते पुटपुटले.

"काका, तो गुंऽऽऽ असा आवाज कसला येतोय?"

"पंपाचा."

"पंप का चालू आहे?"

काकांचा चेहरा हळूहळू बदलला. टाकी निम्मी झाली की पंप आपोआप सुरू व्हावा आणि खालच्या हौदातलं पाणी वर यावं, अशी सोय गेल्याच महिन्यात झाली होती. ती करावी म्हणून इमारतीच्या सभेत पाऊण तास भाषण ठोकणारा माणूस दुसरा तिसरा कोणी नव्हता.

"म्हणजे तोटीतून जातंय आणि पंपातून येतंय," पुतणी म्हणाली. "पण काका, पाणी उतरेल तशी धार मंदावणार. मग कधीतरी जाणारं आणि येणारं सारखंच होईल. मग पाणी तिथेच थांबेल! कुठे थांबेल?"

काकांचा हात तोटी बंद करायला पुढे गेला होता. तो तिथेच थांबला. सहा दिवसांत पहिल्यांदा या मुलीने स्वतःहून प्रश्न विचारला होता, तोही पुस्तकात नसलेला. अशा वेळी तोटी बंद करणारा मास्तर नव्हे, प्लंबर.

"पंप मिनिटाला एकोणचाळीस लिटर पाणी देतो," भाषणातला आकडा काकांना तोंडपाठ होता. "काढ तू."

"कागद द्या!" ती म्हणाली. सूत्र कुठलं लावू, हे तिने विचारलंच नाही. मान वर केली तेव्हा उत्तर तयार होतं. "पंचवीस सेंटिमीटर. बरोब्बर पाव."

दोघं टाकीवर ओणवी झाली. तीस. एकोणतीस. प्रत्येक खुणेला मागच्यापेक्षा जास्त वेळ लागत होता. अठ्ठावीस. काकांच्या चपला ओल्या झाल्या होत्या, पण इतक्या मोठ्या क्षणी पायांकडे कोण बघतो? सत्तावीस.

तेवढ्यात गुंऽऽऽ चा घर्रर्र झाला, आणि मग खाली सगळं शांत झालं. पाणी भराभर उतरू लागलं.

"हौद संपला!" दोघं एकदमच म्हणाली.

"काका, आता येणारं शून्य. म्हणजे परत पहिलंच गणित, फक्त सत्तावीसपासून सुरू करायचं." पेन कागदावर धावत होतं. "घरांना पाणी देणारा पाइप तळापासून दहावर आहे. तिथपर्यंत यायला पाच मिनिटं बारा सेकंद. त्यानंतर नळ कोरडे."

"बघू या," काका म्हणाले, आणि त्यांनी घड्याळाचं बटण दाबलं.

चार मिनिटं. पाच मिनिटं. पाच मिनिटं दहा सेकंद. अकरा. बारा.

"अहोऽऽऽऽ! पाणी गेलंऽऽऽऽ!"

दुसऱ्या मजल्यावरून काकूंचा आवाज आला. आज शनिवार, काकूंचा केस धुण्याचा दिवस.

"आलं!" पुतणीने उडीच मारली. "काका, अगदी सेकंदाला आलं!" उडीबरोबर चपाक असा आवाज झाला, तेव्हा कुठे दोघांनी खाली बघितलं. गच्चीचं तळं झालं होतं आणि जिन्याच्या दारातून पाणी पायरी पायरी करत खाली निघालं होतं. काकांनी धावत जाऊन तोटी बंद केली.

त्याच जिन्याने दोन माणसं वर येत होती. पुढे तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, हातात मोजे, कपाळावर दिवा. मागे त्यांचा पेशंट, गळ्यात प्लॅस्टिकचा रुमाल आणि तोंडात दातांचा साचा, घट्ट बसलेला.

"सर, काय चाललंय हे?" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "जिन्यात धबधबा आणि नळाला थेंब नाही! यांच्या तोंडातला साचा निघत नाहीये. तो सुटा करायला पाणी कुठून आणू?"

"उं ऊं उं," पेशंटने दुजोरा दिला.

"जिन्यातलं..." काकांनी सुरुवात केली, आणि डॉक्टरीणबाईंचा चेहरा बघून ते वाक्य तिथेच सोडून दिलं.

पेशंटने मात्र वाद घातला नाही. घालूच शकत नव्हता. त्याने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यातून पलीकडचा कोपरा गाठला, पायाने चाचपून वाकला आणि निचऱ्याच्या जाळीवरून कागदाचे बोळे उपसायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... सहा. भड् भड् करत तळं फिरू लागलं आणि जाळीत गडप व्हायला लागलं. हातात उरलेला बोळा त्याने उलगडला, वाचला आणि काकांसमोर धरला. शाई पसरली होती, पण अक्षर लागत होतं. गच्चीवर पडलेलं पाणी वाहून जातं. खाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा.

"ऊं?" पेशंटने विचारलं.



एवढ्यात डोक्याला टॉवेल गुंडाळून काकू वर आल्या. टॉवेलाखालून साबणाचा फेस दोन्ही कानांवर उतरला होता. एक डोळा मिटलेला होता. उघडा होता तो पुरेसा होता.

"कोणी केलं हे?"

"काकू, मी सांगते..." पुतणी म्हणाली.

"तू गप्प. अहो, तुम्ही बोला."

काकांनी वही पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि डोळे लुकलुकवत विचारलं, "पाणी अचानक गेलं, की आधी धार बारीक झाली होती?"

त्या दिवशी टँकर आला तो चार वाजता. तोवर काकू टॉवेलातच होत्या, आणि काका कुठे होते ते कोणी विचारलं नाही.

पुतणी पास झाली, काठावर नाही, चांगल्या मार्कांनी. टाकीचं गणित आलं होतं. तिने तपासलेल्या पेपरची प्रत मागवून घेतली आणि पेढा ठेवावा तशी काकूंच्या हातावर ठेवली. गणिताला दहापैकी दहा होते. वर आकृती होती, मग गृहीतकं. पंप बंद असल्याची खात्री केली आहे. जाळीत कागद नाहीत, हाताने बघितलं आहे. इमारतीत कोणाच्याही डोक्याला साबण लागलेला नाही, दारोदार जाऊन विचारलं आहे. तिसऱ्या ओळीशेजारी तपासणाऱ्याने लाल शाईत लिहिलं होतं, 'हे कोणत्या पुस्तकात आहे?'

काकूंनी ते दोनदा वाचलं. "बघा," त्या म्हणाल्या, "छत्तीस वर्षांत तुम्हाला जे जमलं नाही, ते पोरीने एका आठवड्यात शिकून दाखवलं. विचारायचं असतं."

काका चष्मा पुसू लागले. रागाने नाही. एवढंच, की समोरचं नीट दिसत नव्हतं.

त्यानंतरच्या शनिवारी काकू न्हाणीघरात शिरल्या, दार अर्धं लोटलं आणि आतून ओरडल्या, "अहो, टाकीत पाणी आहे ना?"

"आहे असं समज," पेपरमधून डोकं न काढता काका म्हणाले.

आतला नळ चालू झाला नाही. दारही बंद झालं नाही.

काकांनी पेपरची घडी घातली, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि चव्वेचाळीस पायऱ्या चढायला सुरुवात केली.