सर्व्हरसाठी चौकशी

सर्व्हर विकणाऱ्या दोन कंपन्यांची माहितीपत्रकं मोरेश्वर साठ्यांच्या टेबलावर तीन आठवडे पडून होती आणि त्यांचं काही ठरत नव्हतं. अमेरिकेत ईडन प्रेरीच्या एका श्रवणयंत्रांच्या कंपनीत कॉम्प्युटरचा सगळा कारभार त्यांच्याकडे. आधीचा सर्व्हर त्यांनीच निवडला होता आणि तो वर्षात दोनदा बंद पडला. "या वेळी चुकलं, तर वरच्यांना काय सांगायचं ते तुम्हीच लिहून द्या," असं त्यांची बॉस लिंडा गोड हसून म्हणाली होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी नवी नोकरी शोधायच्या विचाराने साठ्यांची झोप उडाली होती.

दोघांपैकी ओहायोच्या कंपनीने सांगितलं, महिनाभर मशीन फुकट वापरा, तुमचं जुनं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का पाहा. साठ्यांनी नाही म्हटलं.

"अहो, फुकट देतायत तर चालवून बघा ना," त्यांची बायको नीलांबरी म्हणाली.

"महिनाभर कोणीही शहाण्यासारखं वागतं. आपल्या माणसाकडून कळायला हवं."

"सर्व्हर घेताय की जावई शोधताय?"

आपलं माणूस मिळालं. बेलव्ह्यूला एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम बघणारी दीपा, नीलांबरीच्या मावसबहिणीची नणंद.

"काका, डोळे झाकून घ्या," दीपा फोनवर म्हणाली. "आम्ही ओहायोवाल्यांचाच ऑर्डर केलाय. डिलिव्हरी व्हायचीय अजून, पण सांता क्लाराच्या कुमारने रेकमेंड केलाय, आणि तो जाम चिकित्सक आहे."

शहाणा माणूस 'व्हायचीय अजून' या शब्दांशी थबकला असता. साठ्यांना फक्त 'डोळे झाकून' ऐकू आलं. 'खात्रीच्या ठिकाणी चौकशी केली आहे,' असं त्यांनी लिंडाला कळवलं. लिंडाने वरच्यांना सांगितलं. वरच्यांनी विस्कॉन्सिनच्या शाखेला सांगितलं, तर त्यांनाही चार हवे झाले. दोनाचे सहा सर्व्हर झाले.

शुक्रवारी ऑर्डरवर सही व्हायची होती. लिंडा कागद घेऊन दारात उभी होती, तेव्हा साठ्यांनी आपलं रीत म्हणून, दीपाकडून नंबर घेऊन, कुमारला फोन लावला.

"कुमारराव, सर्व्हर कसा चाललाय?"

"खरं सांगू, काका? दोनदा बोर्ड बदलला. आणि आमच्या जुन्या सॉफ्टवेअरशी त्याचं अजिबात जमत नाही."

"मग दीपाला कसा सुचवलात?"

"मला वाटलं, आमच्याच सेटअपमध्ये घोळ असणार. कारण मला सांगणारे काय कॉन्फिडन्सने बोलले होते, यार! इथल्या मराठी मंडळांच्या मागच्या अधिवेशनात जेवणाच्या रांगेत भेटले. तुमच्या ईडन प्रेरीचेच. दुसऱ्यांदा श्रीखंड घेताना म्हणाले, 'ओहायोवाल्यांचा घ्या, दहा वर्षं बघायला नको.' नाव विचारायचं राहिलं. श्रवणयंत्रांच्या कंपनीत असतात म्हणे."

साठ्यांचे कान गरम झाले. त्या दिवशी रांग लांब होती, बोलायला काहीतरी हवं होतं, आणि येताना विमानात त्यांनी त्या कंपनीची जाहिरात वाचली होती. बोलून ते साफ विसरूनही गेले होते.

"ओळखता का त्यांना?" कुमारने विचारलं.

साठ्यांनी लिंडाला हातानेच सही थांबवायची खूण केली. तिच्या कपाळावर आठी पडली.

"ओळखतो," ते हळूच म्हणाले. "दीपाला ऑर्डर कॅन्सल करायला सांगा. त्या माणसाने तो सर्व्हर डोळ्यांनीसुद्धा पाहिलेला नाही."

"मग इतकं ठासून बोलला कशाला?"

"ते," साठे म्हणाले, "त्याच्या बायकोलाही तीस वर्षांत कळलेलं नाही."