नानांची गाडी आणि आबांचा मळा

आमचे नाना लग्नाला गेले, की आहेराच्या पाकिटात लग्नातल्या चुकांची चिठ्ठी घालतात. ‘भात गिचका. मंगलाष्टकं बेसूर. चपला ठेवायला जागा नाही.’ खाली सही. भुसावळातल्या आमच्या गल्लीत निम्मी घरं त्यांना पत्रिकाच देत नाहीत. उरलेली निम्मी घाबरून देतात.

नाना मूळचे धुळ्याकडचे. दीपनगरच्या वीज केंद्रात त्यांची सगळी नोकरी मीटरच्या काट्यांकडे बघण्यात गेली. काटा जरा हलला की नोंद. निवृत्त झाले, काटे गेले, मग आम्ही सापडलो. “खरं शे ते सांगनं पडस,” खरं असेल ते सांगावंच लागतं, हे त्यांचं अहिराणी पालुपद. माणूस छळवादी, पण खोटी तक्रार कधी नाही. एकदा वरणगावच्या लग्नात ‘भाजी जहाल तिखट’ असं लिहून आले. घरी दहीभातही झोंबायला लागला, तेव्हा कळलं की तोंड आलंय. दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून वरणगावला जाऊन नवरीच्या बापाची माफी मागून आले.

निवृत्तीनंतर त्यांनी शाळेची जुनी मिनीबस घेतली. बाकडी काढून पलंग आणि शेगडी बसवली, टपावर पाण्याची टाकी. त्यांची बायको, आमच्या काकू, त्यात एकदाच बसल्या. “मला माझं न हलणारं घर बरं,” म्हणून उतरल्या, त्या उतरल्याच.

थंडी पडली की ही गाडी फैजपूरजवळ आबांच्या मळ्यात जायची. आबा केळीवाले. मळ्यात हौशी पाहुण्यांना राहायला जागा देत. नानांची जागा ठरलेली, आबांच्या आईने लावलेल्या आंब्याखाली. तिथे बसून नाना दिवसभर तक्रारी करत आणि आबा पोट धरून हसत. नानांचं बोलणं ऐकून हसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या वर्षी आबांना लकवा झाला. मळा विकला, आणि आबा जळगावला लेकीकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आले. विकताना घेणाऱ्याकडून एकच शब्द घेतला होता, आंब्याला हात लावायचा नाही. तेवढीच एक काळजी त्यांना खात होती.

“नाना, तू पाहून ये,” आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले. “बाकीचे मले बरं वाटावं म्हणून सांगतात. तू खोटं बोलत नाही.”

नाना निघाले. सोबतीला मी, एक रिटायर मास्तर.

मळ्याचं रिसॉर्ट झालंय; दारात आता फायबरचा जिराफ आहे. खानदेशात जिराफ का, ते जिराफालाच ठाऊक. केळीची एकच ओळ ठेवलीय, फोटोपुरती. आमच्या गाडीला जागा मिळाली ती जनरेटर आणि संडासाच्या मधे, तापलेल्या काँक्रीटवर. प्लग मेलेला, नळाला गढूळ पाणी. जेवणात भरीत मिक्सरमधून काढलेलं, आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी मागितली तर तंदुरी रोटी आली. नाना भराभर लिहीत होते. चिठ्ठीची दुसरी बाजूही भरत आली.

“आठे आंबा व्हता,” नाना मॅनेजरला म्हणाले.

मॅनेजर सभ्य पोरगा होता. त्याने निळ्या फरशीच्या पोहण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. “काढला, सर. पाला पाण्यात पडायचा. गेस्टच्या तक्रारी येत होत्या. तक्रार आली की आम्ही लगेच ॲक्शन घेतो.”

नानांनी पेनाला टोपण लावलं. ती चिठ्ठी त्यांनी कुणालाच दिली नाही. वाटेत मी दोनदा विचारलं, आबांना काय सांगायचं? ते गाडी चालवत राहिले. मला त्या माणसाची पहिल्यांदाच दया आली.

जळगावला आबा उशीला टेकून वाटच बघत होते. नानांनी बसायच्या आत सुरुवात केली. जिराफ, नळ, संडासाचा वास, मिक्सरचं भरीत. आबा हसू लागले. आता अर्ध्याच तोंडाने हसतात, पण हसले. मग थांबून म्हणाले, “अन् आंबा?”

मी फरशीकडे बघायला लागलो.

“त्यानं तर नावच लेऊ नका, आबा!” नाना कडाडले. “त्याना खालेच गाडी लावी. बठ्ठा पाला टपवर! सकायले उठीसन मालेच झाडनं पडनं. असं घाण झाड मी कोठेच देखं नही!”

आबांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मला तिथे बसवेना.

“तो तसाच आहे, भो,” ते म्हणाले. “आता मोहोर आला की परत जाय. कसा आलाय, मले येऊन सांग.”

“येसू,” नानांनी मान डोलावली.

जिना उतरताना ते दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून थांबले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

“मास्तर, आंबाले मोहर कव्हय येस? वास कसा येस त्याना? मी कधी ध्यानच दिधं नही. आबाले बरोबर सांगनं पडी.”