पडदा-मोहिमेचे घवघवीत यश

कोणतीही वाईट गोष्ट मुळात कोणाला तरी दिसते, म्हणूनच ती वाईट ठरते. या तत्त्वावर आमच्या इमारतीची नशामुक्ती समिती ठाम उभी आहे. (असते बसूनच, पण ठाम.)

समोरच्या बंद गोदामाच्या भिंतीशी एक इसम रोज संध्याकाळी नशेच्या पुड्या विकायचा. उगाच कोणाला दुखवू नये म्हणून ठरावात त्याचा उल्लेख 'भिंतीजवळचे गृहस्थ' असा केला आहे. त्याला जाब विचारायचं ठरलं, तेव्हा बहुतेक सदस्यांची कंबर धरली होती, एकाचे जावई आले होते, आणि मागे समिती सांभाळायला अध्यक्ष हवेच होते.

"पोलिसांत गेलं तर आपलंच नाव विचारतात हो!" अध्यक्ष म्हणाले. तो मार्गही बंद झाला.

तळमजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी मात्र भर सभेत उभ्या राहिल्या. "माझा पोरगा रोज तिथं जातो. तुम्ही काही करू नका, नुसते माझ्याबरोबर खाली येऊन उभे राहा. बघणारं कोणीतरी आहे, एवढं कळू दे त्यांना."

सभा हेलावली. बराच वेळ कोणी बिस्किटांना हात लावला नाही. मग अध्यक्षांनी नेमका मुद्दा पकडला: खरा त्रास बघण्याचा आहे. सबब, त्या बाजूच्या सर्व खिडक्यांना जाड पडदे लावावेत, आणि मावशींच्या दुःखाची दखल म्हणून शिलाईचं काम त्यांनाच द्यावं. (याला पुनर्वसन म्हणतात.)

मावशींनी घरोघरी जाऊन खिडकीचं माप घेतलं, वर माणसांची उंचीही विचारून घेतली. पडदे लागताच पाहणी झाली. गृहस्थ दिसण्याचं प्रमाण शंभर टक्क्यांनी घटलं होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर लक्षात आलं, की प्रत्येक पडद्याला बरोबर डोळ्यांच्या उंचीवर एक काज आहे. सुबक, दोऱ्यानं पक्कं केलेलं. बटण कुठेच नाही.

"मावशी, हे काय?"

"हवा खेळायला," मावशी म्हणाल्या.

आता उघड्या खिडकीतून बघायची माणसाला भीती वाटते, पण भोक दिसलं की राहवत नाही. त्या संध्याकाळी अख्खी इमारत काजाला डोळा लावून उभी होती. अध्यक्ष स्टुलावर होते. (उंची सांगताना त्यांनी जरा हात सैल सोडला होता.) गृहस्थांनी सहज मान वर केली. चारही मजल्यांवरून डोळे, नुसते डोळे! त्यांनी गिऱ्हाइकाच्या हातातली पुडी परत घेतली आणि काढता पाय घेतला.

मावशींचा पोरगा तणतणत घरी आला आणि शिलाई मशीनपाशी फतकल मारून बसला. मावशी त्याच्या पाठीवर हात ठेवून खूप रडल्या म्हणे. आम्ही पाहिलं नाही. त्यांच्या खिडकीला पडदाच नाही, मग बघण्यात काय मजा?

समितीनं निर्मूलन पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. गृहस्थ हल्ली पलीकडच्या गल्लीत उभे असतात, पण ती आमच्या हद्दीत येत नाही. पोरगाही परवा तिकडेच वळताना दिसला. म्हणून मावशी गळ्यात टेप अडकवून आज तिकडे निघाल्यात.

पलीकडची गल्ली म्हणजे तुमचीच की हो! आत्ता दारावरची बेल वाजली ना, त्याच असतील. घाबरू नका, तुमच्या पडद्याला अजून काज नाही. घरात कोणी नसल्यासारखं गप्प बसलात, तरी बाहेरून काही कळायचं नाही.