घोरपडे सरांचे नियम

घोरपडे सर कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरचं घड्याळ उतरवतात. आमच्या वास्तुशांतीला गुरुजी मंत्र म्हणत होते आणि सर स्टुलावर चढून घड्याळातला सेल काढत होते. खिशातला मीटर लावून ते खणखणीत आवाजात म्हणाले, "नुसता मोजला तर दीड व्होल्ट दाखवतोय, पर काम सांगितलं की बसतोय. ह्येला आतनंच विरोध हाय!" पाव्हण्यांनी चमकून माझ्या नवऱ्याकडे बघितलं.

उचगावात आमची घरं शेजारी-शेजारी. कॉलेजही एकच. पॉलिटेक्निकमध्ये मी गणित शिकवते आणि सर विजेची मंडलं, म्हणजे सर्किटं. नियम फळ्यावर समजतो यावर त्यांचा विश्वास नाही. व्होल्टेजच्या चढ-उतारांचा किरचॉफ या शास्त्रज्ञाचा नियम शिकवायला एकदा त्यांनी अख्खा वर्ग कॉलेजच्या पुढच्या जिन्यानं वर चढवला आणि मागच्या जिन्यानं उतरवून परत पुढच्या दारात आणला.

"चढ प्लस, उतार मायनस. निघालासा तिथंच आलासा. बेरीज किती?"

"शून्य!" साठ पोरं ओरडली. प्राचार्यांना वाटलं मोर्चा आला. ते निवेदन घ्यायला बाहेर येऊन उभे राहिले.

किरचॉफचा सांध्याचा नियम गावातल्या तिठ्यावर. जेवढा करंट सांध्यात येतो तेवढाच बाहेर जातो, हे पटवायला सर पोरांना रिक्षा मोजायला लावायचे. सगळं जुळत आलं की एखादा रिक्षावाला हमखास मधेच चहाला थांबायचा.

"पावणं, गाडी हलवा. नियम मोडतोय."

"नो पार्किंगचा बोर्ड कुठाय हितं?"

"वाहतुकीचा न्हाय हो, किरचॉफचा!"

"त्येला सांगा, चहा पिऊन जातो."

असा हा माणूस दर रविवारी सकाळी कॉलेज उघडायला लावून नापास पोरांना शिकवायचा. कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी कौतुकही करत नव्हतं. त्यात नेसरीची सरिता होती. दोनदा नापास झालेली. तिसऱ्यांदा गेली तर शिक्षण बंद, असं घरून बजावलेलं. एका रविवारी पेपर तपासायला मीही कॉलेजात आले होते. सर तिच्या वहीवर वाकून ओरडत होते, "अगं, कशाला खोडलंस?"

"उत्तर मायनस आलं, सर."

"मग? मायनस म्हंजे चूक व्हय? करंटचा बाण तू अंदाजानं काढलातास. तो निघाला उलटा. आकडा बरोबरच हाय की! मायनस आलं की घाबरून खोडतीस, म्हणून नापास व्हतीस."

त्या परीक्षेत सरितानं काहीच खोडलं नाही. पास झाली. पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आली, सरांच्या पाया पडली आणि म्हणाली, "आबांना फोन केला, सर. पेढे आधी सरांना दे म्हणाले."

ती गेली. सर पेढा हातात धरून तसेच बसले. मी म्हटलं, "सर, पोरीचं आयुष्य सावरलंत."

"एकीचं मोडलं बी हाय, मॅडम." ते पेढ्याकडेच बघत होते. "आमची पोरगी वैशाली माझ्याच वर्गात होती. माझ्याच विषयात तीन मार्क कमी पडलं. तिची आई म्हणाली, तोंडी परीक्षा तुमच्याच हातात हाय. म्या दिलं न्हाईत."

"बरोबरच केलंत की."

"मार्क बरोबरच होतं. पर घरी आल्यावर जेवताना बी मी तिला मास्तरासारखाच बोललो. पोरगी ताटावरनं उठून गेली. त्या दिवशी तिला बापाची गरज होती."

वैशालीनं कॉलेज सोडलं. आता वारणानगरला एका शाळेत चित्रकला शिकवत होती. बापलेकीचं बोलणं बंद होऊन आठ वर्षं झाली. फोन यायचा तो आईला, आणि त्यात बाबांचा विषय निघायचा नाही.

मी म्हटलं, "रविवारी मी वारणानगरला माहेरी चाललेय. गाडीत जागा आहे."

सर पेढा टेबलावर ठेवून तासाला गेले. पण रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते आमच्या फाटकाशी उभे होते. रविवारचा वर्ग पहिल्यांदाच बंद. वाटेत इतके ट्रान्सफॉर्मर लागले, एकावरही बोलले नाहीत.

दार वैशालीनंच उघडलं. बोटांना निळा रंग. तिनं आधी आमच्या मागं बघितलं.

"आई कुठाय?"

"न्हाय आली. मीच आलोय."

तिनं मला ओळखलं नव्हतं, तरी माझ्याकडेच बघत राहिली. मग दारातून बाजूला झाली. "आत या."

सर खुर्चीच्या टोकावर बसले. भिंतीवर शाळेतल्या मुलांनी काढलेली चित्रं होती. ती एकेक करून बघत राहिले, चष्मा पुसून परत बघत राहिले. आतून भांड्याचा आवाज आला आणि मग तिचा.

"बाबा, साखर किती घालू?"

सरांना मधुमेह होऊन पाच वर्षं झालेली. कॉलेजात कुणी चुकून गोड चहा दिला तरी कप परत पाठवतात. पोरीला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मी तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच मला गप्प केलं.

"घाल की," ते आतल्या दिशेनं म्हणाले, "तुला वाटंल तेवढी."

आणि चहा आल्यावर त्यांनी तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्याला.